रविवारची लढाई

विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात मेन्ना आपल्या नंबरची वाट पाहत विणत बसली होती. एवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून एक बाई रडवेली होऊन बाहेर आली आणि बाकावरच्या आपल्या आईशेजारी बसली.

"आई, बाबांचं काही खरं नाही. डॉक्टरांना सांगतायत, फेटा बांधून खैबरखिंडीत इंग्रजांवर हल्ला केला."

"केलाच होता."

"दोनदा गोळी लागून मेलो म्हणे."

"हो. मध्ये चहा झाला."

"आई, आता तूसुद्धा?"

"अगं, कसला तरी विनोदी सिनेमा होता. तुझ्या जन्माआधी आपल्याच डोंगराची खैबरखिंड करून शूटिंग झालं. स्लेटच्या दगडाच्या खाणीतले सगळे गडी पठाण झाले होते."

"मग मला कधी सांगितलं कसं नाही?"

"अगं मैर, रविवार होता, कामाला बंदी. चॅपलमधली प्रार्थना बुडवून गेले होते. पाद्रीसाहेबांना मी कळवलं, मेंढी हरवलीय, ती शोधायला गेलेत."

मेन्नाचा टाका सुटला.

दार उघडून म्हातारा बाहेर आला.

"काय म्हणाले डॉक्टर, बाबा?"

"सिनेमाचं कळल्यावर खूप हसले. म्हणाले, तुमची आठवण माझ्यापेक्षा बरी आहे."

"सगळं सांगितलंत?" म्हातारीने विचारलं.

"सगळं. फक्त वार शनिवार सांगितला."