पितांबर नानांचं न निघालेलं मॅग्नेट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय शालिग्राम आबा, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती पितांबर नाना, त्यांच्या शेजारी बसलेल्या प्रमिलाकाकू, आई-वडिलांना न्यायला सुरतेहून आलेले चिरंजीव योगेंद्र, आणि भर धंद्याच्या वेळी शटर ओढून इथे आलेले धुळ्यातले माझे सगळे गॅरेजवाले बंधू,

सूत्रसंचालकांनी ‘आता छगनभाऊ मिस्तरी बोलतील’ एवढ्यात माझी ओळख आटोपली. वेळ वाचला. पण राहिलेली ओळख मलाच द्यावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ट्रकच्या जॅकपासून बेअरिंग बसवायचं प्रेस मी या हातांनी बनवलं. जीवराम शिंप्याचे पाय अधू, त्याच्यासाठी तीनचाकी केली. क्लच आणि ब्रेक दोन्ही हातात. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याला जुन्या स्कूटरच्या इंजिनावर चालणारा फवारणीचा पंप करून दिला, तो अजून चालतो. वाकडं चाक तपासायचा स्टँड केला. आणि मॅग्नेट काढायचे पुलर केले, निरनिराळ्या गाड्यांचे. शाळा आठवीत सुटली. जे आलं ते उघडून, बिघडवून आणि पुन्हा जोडून आलं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मात्र यातल्या एकाही वस्तूचे आटे माझे नाहीत. ते पितांबर नानांच्या लेथवर पडले. मी माप सांगायचो, नाना चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “छगन, माप तुनं, आटा मना. बिघडनं ते माप बिघडनं असं समजजो.” सभागृहात हसणारे जे आहेत, त्यांनाही नानांनी हेच सांगितलेलं आहे.

आता मूळ गोष्ट. नानांनी सुरतेला मुलाकडे जायला होकार दिला तो एका अटीवर. धुळं सोडायचं तर स्वतःच्या मोटारसायकलवर. काकू म्हणाल्या, “या वयात? मी एस.टी.नं जाते, तुमची वाट सुरतेत बघते. आलात तर आलात.” योगेंद्रने तोडगा काढला: गावाबाहेरच्या नाक्यापर्यंत बाबा गाडीवर, तिथून पुढे गाडी टेम्पोत. नाना कबूल झाले. पण गाडी सुरूच होईना. ठिणगी नव्हती. गाडी माझ्याकडे आली आणि ‘निरोपाच्या दिवशी किक मारून देतो’ असा शब्द मी चारचौघांत दिला.

ज्यांना हा धंदा माहीत नाही, अशा भगिनी इथे आहेत, म्हणून सांगतो. इंजिनाच्या डाव्या अंगाला, फिरत्या दांड्याच्या टोकावर एक जड लोखंडी चाक असतं. आत चुंबकं बसवलेली. ते फिरलं की वीज तयार होते. पुस्तकात त्याला रोटर म्हणतात, आम्ही मॅग्नेट म्हणतो. नानांच्या गाडीची कॉईल जळली आहे आणि ती बरोबर या मॅग्नेटच्या मागे आहे. मॅग्नेट निघालं तर अर्ध्या तासाचं काम. दांडा टोकाकडे निमुळता असतो, त्यावर मॅग्नेट घट्ट दाबून बसलेलं असतं. ते ओढून काढतात ते पुलरने: पुलरचे आटे मॅग्नेटच्या मधल्या आट्यांत फिरवून बसवायचे, आणि पुलरमधला बोल्ट दांड्यावर आवळत जायचं.

पुलर लावला. डिझेल सोडलं, मुरू दिलं. बोल्ट आवळला, त्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी दिली, पुन्हा आवळला. बाहेरच्या काठाला पंजा लावून ओढलं असतं तर मधले रिवेट सुटले असते, म्हणून ते केलं नाही. शेवटी जोर वाढवला, आणि पुलर अलगद हातात आला. मला वाटलं, निघालं. बघतो तर मॅग्नेट जागच्या जागी आणि पुलरला गुंडाळलेली लोखंडाची बारीक शेव. मॅग्नेटचे आटे सोलून निघाले होते.

हा तो पुलर. मागच्या रांगेपर्यंत पाठवा, नखाने आटे तपासा, आणि मला परत आणून द्या. नानांचा एक आटा तरी दुखावलाय का? कंपनीचं लोखंड गेलं, नानांचं राहिलं. ही बातमी मी त्यांना कोणत्या तोंडाने द्यायची होती?

मग उपाय सुरू झाले. नवे आटे पाडायचे तर मॅग्नेट लेथवर चढवायला हवं. लेथवर चढवायचं तर आधी ते काढायला हवं. काढायचं तर आटे हवेत. मी आणि नाना या वर्तुळाभोवती बसून चहा पीत राहिलो. पुलर वेल्डिंग करून चिकटवू म्हटलं, तर नाना म्हणाले, “आग लावू नको. चुंबक मरी जाई.” कापून काढू म्हटलं, तर दुसरं कुठून आणणार? त्या गाडीचे भाग कंपनीने कधीच बंद केले. जळगावचा भंगार बाजार पालथा घातला. एक मॅग्नेट मिळालं, ते दुसऱ्याच गाडीचं निघालं. दरम्यान लेथ विकलं गेलं. नरडाण्याच्या एका कारखान्याची माणसं येऊन उचलून घेऊन गेली. नानांनी ते जाताना पाहिलं नाही, माझ्या दुकानात येऊन पाठ करून बसले.

गल्लीत काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. ‘छगन मुद्दाम काढत नाही. मॅग्नेट निघालं की नाना निघाले.’ नवीनभाऊ, तुम्ही मान खाली घालू नका, मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. मित्रहो, मुद्दाम अडवता आलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. मी माझं सगळं कसब लावलं आणि ते तसूभर हललं नाही. जे मला येतं, ते सगळं करून झालं आहे.

उद्या सकाळी नाना एस.टी.ने जाणार. काकूंच्या शेजारच्या सीटवर. गाडी माझ्या बाकाजवळ उघडी उभी आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण पंख्याखाली न बसताही ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलताना धंद्यातलं फार आलं असेल, कोणाला लागलं असेल, तर मिस्तरी माणूस समजून पोटात घाला. काकू, शब्द पाळता आला नाही, त्याची माफी तुमच्याकडे वेगळी मागतो.

एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी नाना दुकानात आले. इंजिनावर हात ठेवून म्हणाले, “निंघनं का रे?”

“नही नाना.”

“राहू दे मंग. गाडी तुनीच शे आते. कागद करी ले.”

मी म्हटलं, नाना, आमच्याकडे दुरुस्तीला आलेली गाडी मालकाने स्वतः येऊन न्यायची असते. मालक बदलला तर न्यायला कोण येणार?

ते हसले, आणि किंमत सांगितली. मी नको म्हणालो. किंमत होती एक रुपया.