तातेरावाची खाली बसवलेली मोटार

...अन् वरून मलाच म्हणतेत, दगडोबा, तुमी जळता! तुमाला सांगतो, मला काहून जळायचं? दारी रंगवलेली दमणी हाये, लालकंधारी बैलांची जोडी हाये, घुंगरमाळा हायेत, अन् बापाच्या काळापासून जवळा बाजार गावातली एकबी नवरी आमच्या दमणीबिगर सासरी गेली न्हाई. हा मान आमचा. मी जळत न्हाई.

पर आमचा चुलतभाऊ तातेराव... लढाई सरली तसा सिकंदराबादेला गेला अन् कुन्या साहेबाची जुनी मोटार घेऊन आला. मागं लांबलचक, बाजूला लाकडी फळ्या. म्हणतो, "दादा, हिला स्टेशन वॅगन म्हणतेत." आता स्टेशन हिंगोलीला, तू जवळ्याला, वॅगन कशाला रं? अन् मोटार ही उंच! त्याची माय चतुराबाई लुगडं सावरून पाय टाकायची, तो खालीच ऱ्हायचा. मला बरं वाटलं. खोटं काहून बोलू, लई बरं वाटलं.

तर ह्यानं हिंगोलीहून नासेर मिस्त्री आणला. चाकांवर लोखंडी पाटे असतेत ना, एकावर एक, मोटारीचं वजन झेलणारे? नासेर म्हणला, "उसमें क्या है मालक, पट्टे कम कर देते, गाडी बराबर नीचे बैठती." अन् कारखान्यातून बसवून आलेले पाटे काढले की त्यानं! चिखलात म्हैस बसावी तशी मोटार बसली. चतुराबाई ओसरीवर चढावं तशी आत गेली अन् मला म्हणती, "दगडू, तुझ्या दमणीत चढताना गुडघे लई दुखायचे रं." इतकी वर्षं बोलली न्हाई.

तरी मी जळत न्हाई... पर गावातल्या संतरामाच्या लेकीचं, मनकर्णाचं लगीन लागलं. माझी दमणी धुऊन, झुली घालून दारात उभी, अन् पोरगी म्हणती, "मी मोटारीतच जाणार." संतराम मान खाली घालून म्हणतो, "दगडूभाऊ, लेकराची हौस हाये." तिथं मात्र जळलो. व्हय, जळलो! नवरी मोटारीत, अन् माझ्या दमणीत कोण? पाठराखीण म्हणून आमचीच शालूबाई. म्हणजे माझ्याच दमणीत माझीच बायको, त्यात कसला मान?

पर आपली वाट कशी असते? बैलगाड्यांनी दोन्हीकडं खोल चाकोऱ्या पाडल्याल्या, अन् मधी हा उंचवटा. उंच मोटार वरून निघून जाते. ही खाली बसवलेली, गावाबाहेर निघाली अन् पोटावरच टेकली. चाकं नुसती गरगर फिरून राहिली, मग खालून तेल गळालं अन् इंजन बी गप. तातेराव घामाघूम. मी मागून दमणी थांबवली, म्हणलं, "काहून तातेराव, दमली का?" आता नवरी उतरणार, माझ्या दमणीत बसणार... मनातल्या मनात गावभर साखर वाटली मी.

उतरली का? न्हाई. आतूनच म्हणती, "दगडूकाका, तुमचे बैल जुपा की हिला." अन् समदं वऱ्हाड म्हणतं, बराबर, बराबर. मी न्हाई म्हणतो का? नवरीचं काम. माणसांनी रेटली, बैलांनी उपसली. घुंगरं वाजाया लागली तसं लोक म्हणतेत, आता खरी शोभून राहिली मोटार.

दमणी तिथंच, बैलांबिगर. मग शालूबाई काय करती? ती बी गेली मोटारीत, ऐसपैस बसली. अन् मी कासरा धरून पुढं पायी. थोडी वाट सरली, तवर मागून तिचीच हाळी...

"अवो, जरा हळू हाका की. आत हिसके बसून राहिले."

हळू हाकले. काय करता?