शेवटचं कोण?

पोलंड-युक्रेन सीमेवरच्या आमच्या प्शेमिशलमध्ये दवाखान्यात शिरताना "शेवटचं कोण?" असं विचारायचं. शेवटच्याने "मी" म्हणायचं, की लागली रांग. परवा माझ्यापुढे यादविगाबाई आणि वाल्देमार होते, मागे काही न विचारताच येऊन बसलेली, मफलर गुंडाळलेली एक तरुण बाई.

"पोस्टर पाहिलंत ना मावशी? 'आधी आपली माणसं.' मत आपल्याच पक्षाला," वाल्देमार यादविगाबाईंना म्हणाला.

"देईन की. पेन्शन वाढवणार म्हणतात."

"आणि या युक्रेनवाल्यांना रांगेतून हाकलणार."

"युद्ध सुरू झालं तेव्हा स्टेशनवर त्यांना सूप वाटत तूच उभा होतास ना रे?"

"तेव्हा वाटलं, चार दिवसांचे पाहुणे. आता जिकडेतिकडे तेच! एक शब्द काढू दे, मी लगेच ओळखतो."

"ओळखून काय करणार?"

"काल बसमधून उतरवलं एकीला आपल्या पोरांनी."

यादविगाबाईंनी मागे वळून मफलरवालीकडे पाहिलं. तेवढ्यात दार उघडून एक गृहस्थ आत आले.

"शेवटचं कोण?"

सगळे गप्प.

"अहो, शेवटचं कोण?"

मफलरवाली खाली बघत राहिली.

"काय गं, तूच ना शेवटची? बोल की!"

"ती कसली बोलतेय, वाल्देमार!" यादविगाबाई म्हणाल्या. "घसा पार बसलाय तिचा. माझी सून आहे."

"सून? मग लांब का बसलीय?"

"सकाळीच भांडलोय."

"हात्तिच्या! ये गं पोरी, माझ्या पुढे ये. आधी आपली माणसं!"