सोमजाईची पालखी आणि आंबलेल्या मांड्या

मंडळी, ऐका! गजर झाला, बुक्का लागला, आता नीट बसा. ज्यांना मांडी घालवत नाही त्यांनी पाय पसरून बसा, देव रागवत नाही. एकच प्रश्न घेऊन आज उभा राहिलोय. देवासाठी माणूस जी कळ सोसतो, ती प्रत्येक कळ देवाला पोचते का? आजी, तुम्ही मान डोलावलीत. पोचते म्हणताय. बरं! आख्यान संपल्यावर पुन्हा विचारीन.

कोकणात एक सडेवाडी आहे. गावाची देवी सोमजाई. शिमग्याला तिची पालखी देवळातून निघते, सहाणेवर येते — सहाण म्हणजे पालखी टेकायचा दगडी चौथरा — आणि तिथे ती नाचवतात. खांद्यावर पालखी, पायात ठेका, गुडघ्यात वाकायचं, उसळायचं, पुन्हा वाकायचं. बघायला सोपं वाटतं हो! घरी भिंतीला धरून वाकून बघा एकदा.

त्या पालखीचा पुढचा उजवा खांदा पाष्ट्यांच्या घराचा. मान तो! गंगाराम पाष्टे, गाव त्यांना आबा म्हणतं, तरुणपणी असे नाचायचे की ढोलकऱ्याला दम लागायचा. एका शिमग्याला नाचताना त्यांचा गुडघा सटकला. पण आबा थांबले नाहीत. नाच पुरा केला, पालखी देवळात पोचवली आणि मग खाली बसले. ते बसले ते बसलेच. त्यानंतर पालखीखाली काही जाता आलं नाही, हातात काठी आली. पण गावात नाव केवढं झालं! दर शिमग्याला चहाच्या कपाबरोबर ती गोष्ट निघायची, आणि आबांची छाती फुगायची.

मग घरचा खांदा बरीच वर्षं आबांच्या पुतण्यांनी सांभाळला, आणि एका वर्षी पाळी आली आबांच्या मुलाची. जयवंत त्याचं नाव. तालुक्याच्या कचेरीत कारकून. चाळिशी उलटलेली, दिवसभर खुर्ची, आणि पोट — आता काय सांगू, पहिल्या रांगेत बघा, नमुने बसलेत!

जयवंताने ठरवलं, घराण्याचं नाव राखायचं. संध्याकाळी खळ्यात बांबूला भाताचं पोतं बांधलं, एक टोक खांद्यावर, दुसरं चुलतभावाच्या, आणि पहिल्याच दिवशी काळोख पडेपर्यंत नाचला. आबा ओटीवरून ठेका देत होते. रात्री जेवून झोपला, काही दुखलं नाही. बायकोला म्हणाला की अजून दम आहे माझ्यात.

सकाळी कळलं! मांड्या आंबून लाकूड झालेल्या. संडासात बसायला गेला, तर अर्ध्यावरच अडकला. खाली जाववेना, वर येववेना. हसताय काय? सगळे त्यातून गेलेले आहात! दुसऱ्या दिवशी तर आणखी बहार, ओटीच्या पायऱ्या उलटं तोंड करून उतरला. कचेरीतल्या एकाने सल्ला दिला, दुखणं पुरतं जाईपर्यंत पडून राहा. जयवंत एक दिवस पडून राहिला, तर अंग जास्तच आखडलं. आबांनी सल्ला दिला, ही देवी परीक्षा घेते आहे, आज दुप्पट नाच.

आणि मंडळी, आपण इथेच चुकतो! दुखलं की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. एकतर अंथरूण, नाहीतर हट्ट.

जयवंताने हट्ट धरला. लंगडत खळ्यात गेला, पोत्याला हात घातला. बघतो तर पोत्यावर बायको बसलेली. सुचिता तिचं नाव. तो म्हणाला ऊठ, ती उठेना. तो म्हणाला देवीचं काम आहे, तरी उठेना. सासरे ओटीवर बसलेले, म्हणून आवाज चढवला नाही, पण बोलली.

"अहो, भातलावणीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या कमरा जातात. दुसऱ्या दिवशी कोण अंथरूण धरतं काय? आणि कोण सगळा मळा एकटा लावायला जातं काय? हळूहळू वाकतो, अंग तापलं की हात चालतो. तसं करा. नायतर मी काय उठत नाय."

ती उठली नाही, मग जयवंतालाच ऐकावं लागलं. पोतं राहिलं तिथेच. त्या संध्याकाळी तो व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, नुसता चालत गेला आणि चालत आला. पहिली पावलं म्हाताऱ्यासारखी, परतताना जरा मोकळी. मांड्या ठणकत होत्या तोवर त्यांना ओझं दिलं नाही. हात न् खांदे तेवढे हलक्या वजनाने कामाला लावले. पाणी पोटभर, झोप वेळेवर. ठणका ओसरला तेव्हा पुन्हा पोतं, पण अर्धं भरलेलं. आधी अंग तापवायचं, मग नाचायचं, आणि थोडं हातचं राखून थांबायचं. आबा ओटीवरून बघत होते, पटत नव्हतं त्यांना. म्हणाले, आमच्या वेळी असले लाड नव्हते. पण शिमगा आला तेव्हा जयवंत पुरं पोतं घेऊन असा उसळत होता की आबांची काठी आपोआप ठेका धरायला लागली.

आला शिमगा! सहाणेभोवती गाव लोटलेलं. पोटासाठी गेलेली माणसं मुंबईहून आलेली, बायका ओटीची ताटं घेऊन उभ्या. आबा सगळ्यांच्या पुढे. ढोल घुमला, पालखी उठली, पुढच्या उजव्या खांद्याला जयवंत. काय नाचला म्हणता! मांड्या भरून आल्या, पण तो ठणका आता ओळखीचा होता. दोन्ही पायांत सारखा, हललं की सैल होणारा. त्याला तो भ्याला नाही.

आणि सहाणेच्या कडेवर पाय वाकडा पडला. कळ आली. ही मात्र ओळखीची नव्हती. एकाच गुडघ्यात, आत, सुरी टोचल्यासारखी. पुढच्या ठेक्याला गुडघा लुळा पडतोय असं वाटलं, पालखी कणभर कलली. समोर बाप. भोवती गाव. थांबला तर घराण्याचा मान गेला, चहाच्या कपाबरोबर वेगळीच गोष्ट निघणार. नाही थांबला तर? अहो, खांद्यावर देवी आहे!

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा, पारावरच्या बढाया नकोत.

जयवंताने बापाच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "खांदा बदला."

चुलतभाऊ झटकन खाली शिरला. ढोल थांबला नाही, पालखी थांबली नाही. जयवंत लंगडत कडेला आला आणि दगडावर बसला. आता मात्र लोकांचे डोळे पालखीवरून हटले, कारण आबा काठी टेकत त्याच्याकडे निघाले होते. जयवंताने मान खाली घातली. आबा समोर उभे राहिले. मग मोठ्या कष्टाने, पाय लांब करून, त्याच्या शेजारी बसले.

"मलापण तेव्हा कळलं होतं रे," आबा म्हणाले. "पहिल्याच कळेला कळलं होतं. तोंडातून शब्द फुटला नाय. सगळे सांगतात मी देवीसाठी नाचलो. लोक बघत होते, म्हणून नाचलो."

आणि त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या शिमग्यांत जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते भर सहाणेवर सांगितलं. मंडळी, मला विचाराल तर त्या दिवशी खरा नाच त्या म्हाताऱ्याने केला.

जयवंताने गुडघा डॉक्टरांना दाखवला, सांगितली तेवढी विश्रांती घेतली, पुन्हा व्हाळापर्यंत चालण्यापासून सुरुवात केली. पुढच्या शिमग्याला पुढच्या उजव्या खांद्याला कोण होतं ते सांगायला नको.

आता आजी, सांगा. प्रत्येक कळ देवाला पोचते का? मान हलत नाही आता! कष्टाचा ठणका पोचतो, जरूर पोचतो, त्याला भिऊ नका. आज व्यायाम केलात आणि उद्या अंग आंबलं, तर गादी धरू नका, हळू हळू हला, ओझं कमी करा, दुखतं त्या अंगाला सवड द्या. पण सांध्यात टोचलं, सूज आली, हललं की वाढायला लागलं, तर थांबा! तिथे सोसलेलं देवापर्यंत जात नाही, फक्त हाडात जातं. आणि थांबताना शेजारी बघतो का ते बघू नका. शेजाऱ्याला तुमचा एक दिवसाचा तमाशा पुरतो. देवीला तुमचा खांदा पुढच्या वर्षीही हवा आहे!

चला, उठा, आरतीची वेळ झाली. गुडघे धरून, सावकाश. घाई कोणाला आहे?