लताच्या स्थळाची परीक्षा

शेजारच्या लताला बघायला आलेला साकीनाक्याचा कॉम्प्युटरवाला मुलगा मला बघताक्षणीच खटकला होता, बरं का.

"नक्की करता काय हो तुम्ही?" मी विचारलं.

"काकू, शेल स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचे हुकूम. मग दुसरी स्क्रिप्ट पहिलीला मुद्दाम चुकीच्या फायली देते. पहिलीनं गप्प न बसता चूक सांगितली, तर पास."

स्वतःच्याच कामावर संशय घेणारा माणूस उद्या बायकोवरही घेईल. मग लताकडचा चहा मीच करायला घेतला आणि त्याच्या एकट्याच्या कपात साखर घातली नाही. गप्प प्यायला तर लबाड, भडकला तर तापट.

एक घोट घेऊन तो माझ्याकडेच बघत म्हणाला, "काकू, साखर नाहीये. झालो ना पास?"

लग्न झालं. पण हा शेजारचा जावई अजून आमच्याकडचा चहा आधी मला प्यायला लावतो.