दुसऱ्या कळशीचा मोर्चा

...आणि वर मलाच विचारते ही शेजारची सुंदराबाई, "मावशी, एकट्या जिवाला दोन कळश्या कशाला?" आता तुम्हाला सांगते, आमच्या परळच्या चाळीत पहाटे नळावर माणसं नाही, भांडी रांगेत उभी राहतात, ज्याचं भांडं त्याचा नंबर, आणि माझी दोन असतात, एक माझी, एक आमच्या रघुवीरची. मुलगा माझा. अंबरनाथला कारखान्यात लागला, बायकोला घेऊन गेला, "आई, दर रविवारी येतो" म्हणाला... अख्ख्या आषाढात एकदा आला, तोही विसरलेली छत्री न्यायला, ती सापडेना म्हणून भिजत गेला. पण रांगेतनं त्याची कळशी काढली की तो गेलाच ना हो? हे सुंदराबाईला कोण सांगणार? ती म्हणते, "उद्या दुसरी दिसली तर उचलून बाजूला ठेवीन."

त्याच दिवशी मास्तर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला, शाळा बंद, आणि हिचीच पोरगी सरोजिनी आणखी चार पोरं घेऊन माझ्या दारात. "आजी, पाऊस कुठनं येतो ते शिकवा, मास्तर उद्या विचारणारेत." मी दुसरी पास, तीही कशीबशी, पण शेगडीवर चहाचं आधण होतंच, त्यावर पितळी धरली, म्हटलं बघा, हे आधण म्हणजे आपला शिवडीचा समुद्र, शेगडी म्हणजे ऊन, वाफ वर गेली, गार पितळीला टेकली, हे झाले ढग, आणि हा पडला पाऊस... थेंब नेमका सरोजिनीच्या नाकावर पाडला. मग ओढा, मग नदी, मग परत समुद्र. गेलेलं पाणी परत येतं.

"सगळं?"

सगळं, म्हटलं, आत्ता तू प्यालीस ना, त्यात कधीतरी कुणाची म्हैस डुंबलीय. पोरं चूळ भरायला पळाली. अहो पण कशानं भरणार, त्याच पाण्यानं ना?

सरोजिनी मात्र बसून. "आजी, दुसऱ्या कळशीचं पाणी तुम्ही काय करता?" आता काय सांगायचं? संध्याकाळपर्यंत वाट बघते आणि मोरीत ओतते, हे काय सांगण्यासारखं आहे? म्हटलं, समुद्राला पाठवते, बाई. गेलेलं पाणी परत येतं, पण आधी कुणीतरी घालवायला नको? मी थांबले की परळात पाऊस बंद.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुंदराबाई वाकली कळशी उचलायला, तर पाच पोरं कळशीभोवती कडं करून, मुठी वर, "दुसरी कळशी राहिलीच पाहिजे!" हिचा नवरा गणपत, मोर्चात घसा बसलेला माणूस, झोपेतनं उठून गॅलरीत आला आणि मागणी काय ते न विचारता "राहिलीच पाहिजे" म्हणायला लागला. ती बिचारी काय करणार? "ठेवा, मावशी, दोन काय, दहा ठेवा."

झालं, जिंकलो. आता जिंकलेली कळशी तीन जिने वर कोण चढवणार? मोर्चा तर शाळेत गेला. चढवली मीच, झाकून ठेवली, आणि दिवेलागणीला मोरीत ओतली. म्हटलं, गेलेलं पाणी परत येतं ना, मग येताना जरा अंबरनाथवरनं ये बाबा, चांगलं झोडपून काढ... त्याची छत्री अजून माझ्या खाटेखालीच आहे.