साडेतीन डोकी

औषधांच्या दुकानात शिंपीणबाईंच्या पुढे दोन फरशीवाले उभे होते. त्यातला टोपीवाला डोकं खाजवत हसत होता.

"लेका, उवा झाल्यात तुला. हसतोस काय?"

"पोरींच्या आहेत."

"बायकोच्या पोरींच्या?"

"आता माझ्याही. उवा काय उडत येतात? डोक्याला डोकं लागावं लागतं."

शिंपीणबाई दोन पावलं मागे सरकल्या, पण कान तिथेच ठेवून.

"लग्नाला सहा महिने झाले. जवळ फिरकत नाहीत म्हणायचास."

"धाकटी हल्ली माझ्या खांद्यावरच झोपते."

"आणि ती मोठी? 'आम्ही तिघी आणि हे' म्हणणारी?"

"ती फटकळच. तुमच्या अर्ध्या डोक्यावर केसच नाहीत, म्हणते, उवा राहणार कुठे?"

"म्हणजे अजून तिघीच."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"एका बाटलीत दोन डोकी होतात," दुकानदार म्हणाला. "घरात किती?"

"ही घ्या चिठ्ठी. मोठीने लिहून दिलीये. मी अजून उघडलेली नाही."

"साडेतीन? हे अर्धं कुणाचं?"

"माझं," म्हणत त्याने टोपी काढली आणि आपलं टक्कल अख्ख्या रांगेला दाखवलं.